किल्ली नाही

यादी मी लिहिली. अक्षर बरं म्हणून
लिक्विडेटरच्या साहेबांनी मलाच बसवलं
मिलच्या मॅनेजर-बंगल्यात, बंद पंख्याखाली,
होटगी रोडची धूळ कार्बन पेपरवर झेलत.

लॉट एकोणतीस : घंटा, पितळी, जीभ तुटलेली.
लॉट तीस : टेबल, सागवानी, एक पाय आखूड.
लॉट एकतीस : चहाची पेटी. कासवाची पाठ,
चांदीची कड, चांदीचेच चार पाय, पंजाच्या घाटाचे.
कुलूप आहे. किल्ली नाही.

खिडकीत धरली तर काकवी,
आत घेतली तर करपलेली भाकरी.
मी दोन-तीनदा आत-बाहेर केली,
कुणी बघत नव्हतं.

चहाला कुलूप!
आमच्याकडे पुडी चुलीमागच्या खिळ्याला,
रोजची रोज, चार आण्यांची.
बाप लूमखात्यात, रात्रपाळी;
कँटीनचा अर्धा कप फडक्यात गुंडाळून आणायचा
माझ्यासाठी, घरी पोचेतो साय धरलेला.

माल बघायच्या दिवशी व्यापारी सकाळीच येऊन गेले.
दुपारी तीनला, चव्वेचाळीस डिग्रीत,
मेरगू रामुलू आला सायकल ढकलत.
बंगल्यावर सत्तावीस वर्षं. पांढऱ्या कोटाचं
एक बटण उरलेलं, ते शर्टाला लावलेलं.

"काय लिहिलालाव, बाबू?"
त्याला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवली.
एकतिसाव्याला म्हणाला, थांब.
करदोट्यातून काढली किल्ली,
करंगळीच्या नखाएवढी, काळी पडलेली.

"मेमसाब उन्हाळ्यात म्हाबळेश्वरला जाताना द्यायची,
आल्यावर पहिली तीच मागायची.
एकदा गेली ती आलीच नाही.
ती मागायला विसरली, मी द्यायला."
शेवटचे दोन शब्द त्याने भिंतीला सांगितले.

आत दोन कप्पे, शिशाचा पत्रा,
दोन झाकणं, त्यांना हस्तिदंती बोंडं.
"हिकडं काळा, तिकडं हिरवा.
तीन चमचे मोजायची. मी किटली धरून हुबा."
— प्यालात का कधी?
"एकदा. ती म्हाबळेश्वरला असताना. लई कडू.
साखर दुसऱ्या कुलपात होती."

मग दोन्ही कप्प्यांत नाक घालून
बराच वेळ उभा राहिला.
"एमी लेदु," म्हणाला. काहीच नाही.
पण झाकणं लावताना हात हळू होते.
किल्ली दोनदा फिरवली आणि परत करदोट्यात.
मी यादीकडे बघितलं. खोडरबर नव्हतं माझ्याजवळ.

लिलावाला टेबलावर मिलचीच चादर,
गुलाबाच्या चौकटीची, धुऊन मऊ झालेली.
सराफ कट्ट्याचे हिरेमठ वजनाने बोलत होते,
पुण्याचा माणूस भिंगाने.
चार हजार, साडेचार, नऊ, एकवीस.
एकवीसला हिरेमठांनी पान तोंडात टाकलं.
तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून उठल्या
वनखात्याच्या पाटोळेबाई :
"कासव विकता येत नाही. मेलेलंही."

हातोडी वरच राहिली.

देवळाच्या पायरीशी दगडी कासव असतं,
आपण हात लावून पुढे जातो.
तसे सगळे जण एकेकदा हात लावून गेले.
मग पंचनामा. हिरेमठांच्या पोराने
स्क्रू-ड्रायव्हरने कड उचकटली, चार पाय, कुलूप;
दोनशे बारा ग्रॅम, मातीसह.
पाठ खाकी पाकिटात, वर लाख.
भ्यालं की कासव अंग आत ओढतं.
याच्याकडे ओढायला अंग नव्हतं.

साहेबांनी चष्म्यावरून विचारलं,
"कुलपाची किल्ली? चांदीची असेल तर वजनात धरा."
मी पानं उलटली, सावकाश,
कार्बनची निळाई अंगठ्याला लागेपर्यंत.
मांडवाच्या कडेला रामुलू
सायकलच्या चेनमध्ये अडकलेलं धोतर सोडवत होता,
मान खाली.

"यादीत नाही, साहेब."

आणि पुढचं पुकारलं :
लॉट बत्तीस. चादरी, वापरलेल्या, नग अकरा.
टेबलावरची धरून बारा.